दोनदा समुद्र, एकदा संगम

मित्रांनो, मी एक जुनी पत्र्याची पेटी आहे, आणि आधीच सांगून ठेवते, फार दमले आहे. तुम्ही ऐकायला बसलात म्हणून बोलते.

म्हैसूरच्या संतेपेठेत एका कारागिराने मला ठोकून घडवलं. वरून हिरवा रंग दिला, आतून पांढरं कापड लावलं. मला वाटलं, आता लग्नाचे शालू पोटात येणार. आले ते फत्तेसिंगरावांचे कोट. फत्तेसिंगराव संस्थानच्या नोकरीत होते. त्यांचे पणजोबा घोड्यावरून म्हैसुरात आले आणि हे तेव्हापासून खुर्चीवरच बसले आहेत, असं त्यांची विधवा आत्या गोदाबाई म्हणायची.

त्या काळी एक समिती नेमली होती. कामाला जाणाऱ्या बायकांच्या तान्ह्या मुलांना दिवसभर कोण सांभाळणार, हा तिच्यापुढचा प्रश्न. गावात उदबत्त्या वळणाऱ्या बायका पुष्कळ. मूल रडू नये म्हणून त्या त्याला अफूचा कण चाटवायच्या. शेजारच्या वरलक्ष्मीचं पहिलं मूल असंच निजलं ते उठलंच नाही. तिची गल्ली समितीच्या कचेरीपासून चालत दहा मिनिटांवर होती. समितीने ठरवलं, आधी विलायतेला माणूस पाठवून अभ्यास करावा. माणूस ठरले फत्तेसिंगराव.

जाताना माझ्यात दोन कोट, तीन पगड्या, मेतकुटाची बरणी, लिंबाचं लोणचं आणि सहा कोऱ्या वह्या होत्या. येताना सहा भरलेल्या वह्या, पाळण्यांची एकोणीस चित्रं आणि रिकामी बरणी. अठरा दिवसांत चौदा बालगृहं पाहून झाली होती. वह्यांत चालकांची नावं होती, एकाही बाळाचं नव्हतं. तरी सगळे म्हणाले, केवढा अभ्यास. माझंही कौतुक झालं. समुद्र पाहून आलेली पेटी म्हणून शेजारच्या बायका मला हात लावून जात.

समिती म्हणाली, एकाच देशाचं पाहून कसं चालेल? दुसरी सफर ठरायला दोन वर्षं लागली. तोवर मला मागच्या पडवीत टाकलं. माझ्यावर कोंड्याचं पोतं आलं, कडी गंजली. पण खरं सांगते, मित्रांनो, मी जे काही शिकले ते त्या पडवीत.

तिथे गोदाबाई नऊ मुलं सांभाळायची. वरलक्ष्मीचं दुसरंही त्यांत होतं. प्रत्येक मुलाच्या पायात एका रंगाचा दोरा, त्याच रंगाचा दोरा आईच्या मनगटात. रोज एक आई पाळीने मदतीला थांबायची आणि तिच्या वाट्याच्या उदबत्त्या बाकीच्या आठजणी वळून द्यायच्या. हाताची पूड धुतल्याशिवाय मुलाला शिवायचं नाही, कारण पुडीने मुलं खोकतात. दहाव्या मुलाला जागा नव्हती. दारातून परत जाणाऱ्या बायका मी मोजत असे. दोन वर्षांत त्रेचाळीस झाल्या. परत गेलेलं मूल पुन्हा अफूकडेच जायचं.

गोदाबाई पुतण्याला सांगायची, "फत्ते, तो सरकारी तबेला रिकामा पडलाय. तेवढा मिळवून दे की."

"आत्या, त्याला योजना लागते. बाहेरचा अभ्यास लागतो."

"बाहेर म्हणजे हे पडवीचं दार उघडलं की लागतं ते नव्हे का?"

फत्तेसिंगराव हसायचे आणि कचेरीत जायचे.

दुसऱ्या सफरीहून आम्ही परत आलो ते अगदी वेळेवर. सोमवारी समितीची बैठक होती. योजना लेखी दिली तर तबेला मुलांना, नाहीतर गवताच्या गंजींना, असं ठरलं होतं. पहिल्या सफरीच्या सहा आणि या वेळच्या आठ, सगळ्या वह्या माझ्या पोटात. पण फत्तेसिंगरावांची आई भवानीबाई दारातच उभी राहिली. समुद्र ओलांडून आलेल्याने टी. नरसीपूरला कावेरी-कबिनीच्या संगमात स्नान करून मगच घरात यायचं, हा तिचा नेम. मागच्या वेळी माणसाला बुडवलं होतं आणि पेटीवर नुसतं पाणी शिंपडलं होतं. त्यानंतर महिन्याभरात गाय आटली. भवानीबाईने त्याचा ठपका माझ्यावर ठेवला.

शुक्रवारी आम्ही संगमावर गेलो. फत्तेसिंगराव गळ्याएवढ्या पाण्यात डोळे मिटून मंत्र ऐकत उभे होते. तेवढ्यात भवानीबाईने गडीमाणसाकडून मला कड्यांना धरून उचलवलं आणि तीनदा बुडवलं. कुलूप लावलेलंच होतं.

घरी येऊन उघडलं तर चौदाही वह्यांची शाई एकमेकींत गेलेली. कोटाला निळी बाही आली होती. फत्तेसिंगराव कपाळाला हात लावून पडवीत बसले.

भवानीबाई हळूच म्हणाली, "वन्सं, मला काय ठाऊक आत कागद आहेत? पेटीत कपडे असतात."

"जाऊ द्या वहिनी. साकु, पुरे झालं," गोदाबाई अर्ध्या कानडीत म्हणाली. मग पुतण्याकडे वळली. "काय पाहिलंस ते आठवत नाही होय?"

"पाळणे आठवतात. मुलं कोण कशी सांभाळत होतं, ते... आत्या, फार घाई होती."

"मग हे धर." तिने एक मूल त्यांच्या मांडीवर ठेवलं. "आधी हात धू. आणि मग दिसेल ते लिही."

शनिवार, रविवार ते पडवीतून हलले नाहीत. दोरे, पाळ्या, हात धुणं, दारातून परत गेलेल्या बायका, सगळं लिहिलं. मुलांची नावं लिहिली. हे कुठलं, एवढं मात्र लिहिलं नाही. समितीनेही विचारलं नाही. उलट म्हणाली, दोन सफरींचं चीज झालं. तबेला मिळाला. पहिल्या महिन्यात एकतीस मुलं आली. पडवी ओस पडली आणि मला जरा झोप लागू लागली.

तोच समितीचं पत्र आलं. दोऱ्याची पद्धत उत्तम आहे, तरी ती मूळची जिथली आहे तिथे जाऊन आणखी बारकाईने पाहून यावी.

फत्तेसिंगरावांनी मला पुढच्या खोलीत आणलं. कोट ठेवले, बरणी ठेवली. मी मनात म्हटलं, आता नाही झेपायचं. झाकण लावता लावता त्यांचं लक्ष उघड्या मागच्या दाराकडे गेलं. मग कोट बाहेर काढले, हत्यारं मागवली आणि बिजागऱ्या उचकटून माझं झाकणच काढून टाकलं. दुसऱ्या दिवशी समितीला लिहून दिलं, "पद्धत माझ्या आत्याची आहे. मूळ जागा माझ्या घराची मागची पडवी. तिथवर जायला पेटी लागत नाही." त्यानंतर त्यांची बढती कधी झाली नाही.

मला त्यांनी स्वतः डोक्यावर घेऊन तबेल्यात नेलं. तिथे बत्तिसाव्या मुलाला पाळणा नव्हता.

मित्रांनो, घरातल्या जुन्या पेट्या मोडीत घालू नका. आणि कोणाला दूर पाठवण्यासाठी पेटी भरायला घ्याल, तेव्हा आधी मागचं दार एकदा उघडून बघा. एवढंच मागते. आता हळू बोला. माझ्या डाव्या कडीला पिवळा दोरा बांधलाय, माझ्या पोटातल्या बाळाची आई संध्याकाळी येईल. आत्ताच निजलंय, काहीही न चाटता.