जाड लिफाफ्यांचा डबा

मित्रांनो, मी जे सांगणार आहे त्यावर तुमचा विश्वास बसणार नाही. आजवर कुणाचाच बसलेला नाही, तेव्हा तुम्ही मनाला लावून घेऊ नका. मी एक जुना बिस्किटांचा डबा आहे. पण अख्ख्या आयर्लंडमधल्या कुठल्याच दुकानात नसतील इतक्या कादंबऱ्या माझ्या पोटात राहून गेल्या आहेत. त्यातली एकही छापली गेली नाही.

आज शनिवार, म्हणजे तुम्हा मुलांचा तास. वाचनालयाच्या बाईंनी एखादी जुनी वस्तू आणून तिला बोलू द्यायला सांगितलं, म्हणून तुमच्यातल्या सोर्शाने मला वाचनालयाच्या या माडीवरच्या कपाटातून काढून टेबलावर ठेवलं आहे. मी सांगेन ते लिहून घ्यायला ती पेन्सिल चावत बसली आहे. कोपऱ्यातल्या खुर्चीत बसलेला म्हातारा म्हणजे फिन्टन गेराटी. माडीच्या कुलपाची किल्ली त्याच्याकडे असते, म्हणून तो आला. आणि बेसिनपाशी कप विसळते आहे ती डिम्प्ना लोहान. आपलं इकडे लक्ष नाही असं ती दाखवते आहे. दाखवू दे.

माझा जन्म डब्लिनच्या एका कारखान्यात झाला. एका सपाट पत्र्याला चार घड्या घातल्या आणि त्याला डबा म्हणायला सुरुवात केली. झाकणावर सहा घोड्यांची गाडी छापली. हे घोडे इतके हुबेहूब होते, की कारखान्यातल्या एका कारकुनाने त्यांच्यावर पैज लावली आणि डावीकडचा दुसरा घोडा दोन घोड्यांच्या अंतराने जिंकला. नंतर शॅननला पूर आला तेव्हा मी सतरा दिवस नदीतून वाहत गेलो. झाकणावर एक बदक बसलं होतं, तेच दिशा दाखवायचं. आतलं एक बिस्किटही मऊ पडलं नाही. हे सगळं सांगताना मला अभिमान वाटायला हवा, पण वाटत नाही. मी पत्रा आहे. पत्र्यावर चमचा मारला तर आवाज होतो, एवढंच.

पुढे एका नाताळात मी मिस मल्व्हींच्या घरी आलो. अट्रॅक्टा मल्व्ही या गावच्या निवृत्त शिक्षिका. गावातल्या अर्ध्या लोकांना त्यांनी शाळेत शिकवलं होतं, त्यामुळे त्यांना नावाने हाक मारायची कुणाची छाती नव्हती. बिस्किटं संपली, मग माझ्यात बटणं आली. मग एका गुरुवारी त्यांनी बटणं एका मोज्यात ओतली आणि मला उचलून इथे, माडीवर आणलं.

इथे दर गुरुवारी गोष्टी लिहिणारी माणसं जमायची. कधी पाच, कधी नऊ. मिस मल्व्हींची एक गोष्ट पूर्वी एका शेतकी साप्ताहिकात छापून आली होती, गुरांच्या बाजारभावांच्या शेजारी. बाकी कुणाचं काहीच आलं नव्हतं. म्हणून त्या अध्यक्ष.

त्यांचे नियम तीन होते. पहिला नियम असा की, ज्याची गोष्ट वाचली जाते त्याने इतरांचं बोलून होईपर्यंत तोंड उघडायचं नाही. "पुस्तक दुकानात गेलं की तू वाचणाऱ्याच्या मागे उभा राहून समजावून सांगणार आहेस का?" असं त्या विचारायच्या. दुसरा असा की, कुणी प्रकाशकाला काही पाठवायचं झालं तर सगळ्या मंडळींनी कोपऱ्यावरच्या हिरव्या टपालपेटीपर्यंत बरोबर चालत जायचं. फिन्टन सगळ्यांच्या पुढे चालायचा. गावातल्या अंत्यविधींची व्यवस्था तोच बघतो, त्यामुळे हळू चालण्यात त्याचा हात कुणी धरू शकत नाही. लिफाफा पेटीत पडला की तो टोपी काढायचा.

तिसरा नियम माझा. मित्रांनो, त्या काळी हस्तलिखित पाठवताना सोबत एक मोठा लिफाफाही घालावा लागे, आपलाच पत्ता लिहिलेला, तिकिटं चिकटवलेला. नको असलेली गोष्ट प्रकाशक त्यात घालून परत पाठवायचा. हवी असेल तर तो आपला साधा, पातळ लिफाफा वापरायचा. त्यामुळे नकार नेहमी आपल्याच अक्षरात यायचा, आणि जाड असायचा. मिस मल्व्हींनी ठरवलं की पातळ लिफाफा आला तर तो सगळ्यांसमोर फोडायचा. जाड आला तर न फोडता या डब्यात टाकायचा, आणि पुढची गोष्ट निम्मी लिहून झाल्याशिवाय बाहेर काढायचा नाही. "नकार शिळा झाला की पचतो," त्या म्हणायच्या.

सुरुवातीला माझं फार कौतुक झालं. फिन्टनने लिहिलेल्या खुनाच्या कादंबरीने माझ्यात चार हिवाळे काढले. तीत अकरा प्रेतं होती. थंडी वाढली की ती उठून बसायची आणि बिस्किटाचा चुरा कुठे राहिलाय का ते शोधायची. सातव्या प्रेताला चहाही हवा असायचा. पातळ लिफाफा मात्र या माडीवर एकच आला, आणि तो वीज मंडळाचा होता.

डिम्प्ना आली तेव्हा ती लोण्याच्या कारखान्यात कामाला होती. तिने एका बाईची कादंबरी लिहायला घेतली होती. ही बाई नदीवर बोटींसाठी पाण्याचं दार उघडते आणि लावते. चाळीस वर्षं हेच करते, स्वतः एकाही बोटीत बसत नाही. डिम्प्नाने पहिलं प्रकरण वाचलं, कागद मांडीवर ठेवले आणि नियमाप्रमाणे गप्प बसली.

"पहिली चार पानं काढून टाक," मिस मल्व्ही म्हणाल्या. "तुझी गोष्ट पाचव्या पानावर सुरू होते."

"आणि पाऊस काढ," फिन्टन म्हणाला. "पाऊस पडत होता हे या देशात लिहून कळवावं लागत नाही. माझं विचाराल तर पहिल्या पानावर एक माणूस मेलाच पाहिजे."

"फिन्टन, तुला जिकडेतिकडे गिऱ्हाईकच दिसतं."

"मिस मल्व्ही, शेवटी सगळेच येतात माझ्याकडे. मी कुणाला परत पाठवलेलं नाही. तुमच्या प्रकाशकांना हे सांगा कुणीतरी."

डिम्प्नाने चार पानं काढली. पुढल्या महिन्यात सगळे म्हणाले की सुरुवात एकदम अंगावर येते, आधी काहीतरी हवं. तिने चार पानं घातली. कुणी म्हणालं, ती बाई मनात काय म्हणते ते सांग. तिने सांगितलं. मग मिस मल्व्ही म्हणाल्या, "मनातलं सांगू नकोस, हात काय करतात ते दाखव." तिने दाखवलं. चार पानं पुन्हा निघाली. एवढं होऊनही ती कधी एक शब्द बोलली नाही. गप्प बसण्यात तिच्याइतकं तरबेज कुणी नाही, असं मिस मल्व्ही नव्या मंडळींना सांगायच्या. अशी नऊ वर्षं गेली.

मग कादंबरी पाठवायची ठरली, त्या गुरुवारी ती आली, कोट काढला आणि म्हणाली, "पाठवली. येता येताच पेटीत टाकली."

"एकटीने?" मिस मल्व्हींनी विचारलं.

"पाऊस होता."

"अगं, पावसाचं सांगायचं नाही असं ठरलंय ना," फिन्टन म्हणाला. "मी मुद्दाम बूट पुसून आलो होतो."

मिस मल्व्हींना ते आवडलं नाही, पण त्यांनी केक कापला. त्या दिवसापासून दर गुरुवारी जिना चढून येणारा प्रत्येक जण आधी तेच विचारायचा. कळलं का काही? नाही. अजून नाही? नाही. फिन्टनची बायको चर्चमध्ये विचारायची. खाटीक मांस कापता कापता विचारायचा. मिस मल्व्हींनी तर समारंभाला घालायची टोपी ठरवून ठेवली होती. आठ महिने असे गेले. डिम्प्ना चहा ओतायची आणि नाही म्हणायची. मे महिन्यात ती दोन दिवस चष्मा करायला डब्लिनला गेली आणि चष्म्याशिवाय परत आली.

पुढच्या गुरुवारी तिने तो लिफाफा आणला. वीटभर जाड, डब्लिनचा शिक्का, आणि पत्ता तिच्याच अक्षरात. तिने तो टेबलावर ठेवला.

"डब्यात टाक," मिस मल्व्ही हळू आवाजात म्हणाल्या. "नवीन काहीतरी सुरू कर. निम्मं झालं की काढू."

"बघते," डिम्प्ना म्हणाली.

तिने माझं झाकण उघडलं, लिफाफा आत ठेवला, झाकण लावलं. तिचे हात थरथरले असते तर मला कळलं असतं. पत्र्याला तेवढं कळतं. ते थरथरले नाहीत. ती बेसिनपाशी गेली आणि कप विसळायला लागली.

मित्रांनो, या गोष्टीला एकोणीस वर्षं झाली. तिने नवीन काही लिहायला घेतलं नाही, म्हणून तो लिफाफा कुणी काढला नाही. गुरुवार चुकवला नाही तिने एकही. इतरांच्या गोष्टी ऐकते, चहा करते, विचारलं तर सांगते की ठीक आहे. मंडळी कमी होत गेली. लोक हस्तलिखितं पोस्टाने पाठवीनासे झाले, नकार आता आवाज न करता येतात, त्यांना ठेवायला डबा लागत नाही. सहा वर्षांपूर्वी मिस मल्व्ही वारल्या. फिन्टनने त्यांना जन्मात कधी चालला नसेल इतक्या हळू नेलं. मला कपाटात, जुन्या वेळापत्रकांच्या मागे सरकवलं गेलं. झाकणावरच्या घोड्यांचा रंग उडाला. एक तर साफ पुसला गेला आहे, गाडी आता पाचच घोडे ओढतात. याचंही मला काही वाटत नाही.

पण एक गोष्ट मला माहीत आहे, आणि ती मी आज प्रथमच सांगतो आहे. बंद लिफाफा मला आतून वाचता येतो. मिटलेल्या तोंडाजवळ एकोणीस वर्षं बसलं की तेवढं जमतं. तर त्या लिफाफ्यात डिम्प्नाची कादंबरी आहे, पानापानावर पेन्सिलीच्या बारीक खुणा केलेली. आणि वर एक पत्र आहे. 'आपलं पुस्तक आम्हांला छापायचं आहे. खुणा केल्या आहेत तेवढं दुरुस्त करून पाठवावं. पहिली चार पानं फार आवडली. शरद ऋतूच्या आत कळवावं.' संपादकाला घाईत दुसरा लिफाफा सापडला नाही, म्हणून त्या बिचाऱ्याने तिचाच वापरला. त्याने शरद ऋतूपर्यंत वाट पाहिली, नंतर अजून एक वर्ष पाहिली. रोज टपाल आलं की तो खिडकीशी जायचा. शेवटी त्याने नोकरी सोडली आणि एका बेटावर मेंढ्या पाळल्या.

म्हणून मित्रांनो, माझी तुम्हांला एवढीच विनंती आहे. जुन्या वस्तू जपा, त्यांच्यावरची धूळ पुसा, अधूनमधून झाकण उघडून आत काय आहे ते बघा. आणि लिफाफा कितीही जाड असला, आपल्याच अक्षरातला असला, तरी तो फोडल्यावाचून कधी…

"खोटं बोलतोय हा."

सोर्शाची पेन्सिल थांबली. फिन्टनने मान वळवली. डिम्प्नाने नळ बंद केला होता.

"त्यात पत्र नाही," ती म्हणाली. "कादंबरी नाही. शेतकी साप्ताहिकाचे जुने अंक आहेत. मीच भरलेत. वजन बरोबर यावं म्हणून घरच्या काट्यावर तोलले होते."

फिन्टनने गुडघ्यावरची टोपी उचलली आणि पुन्हा गुडघ्यावरच ठेवली. "आणि तो चष्मा?"

"डोळे चांगले आहेत माझे. डब्लिनचा शिक्का हवा होता." तिने हातातला कप पुसून पालथा घातला. "मी ती कधी पाठवलीच नाही. तुम्ही सगळे दर गुरुवारी विचारायचात. परत आली म्हटलं की कुणी विचारणार नाही, असं वाटलं. आणि खरंच कुणी विचारलं नाही."

"मग ती आहे कुठे?"

"घरी," डिम्प्ना म्हणाली. "पहिल्या चार पानांचं अजून ठरत नाहीये."