शेपटाच्याही मागे

थंडी सरत आली होती, पण टेकडीवरच्या चिखलाला ते कुणी कळवलं नव्हतं. बागेतल्या पायवाटा पार बरबटून गेल्या होत्या, आणि असल्या वाटांवरून हौसेने पळणारी पन्नासेक शहाणी माणसं सकाळी फाटकापाशी जमली होती. त्यांत चष्म्याच्या दुकानात काचा बसवणारी वहिनीही होती. खरं तर ती एकट्या दिराची वहिनी. पण तो इतक्या मोठ्याने हाक मारायचा की सगळ्या गटाने तेच नाव उचललं होतं.

गेल्या वर्षी न्यूमोनियातून ती मरता मरता वाचली. तेव्हापासून घरच्यांनी तिला अगदी तळहाताच्या फोडासारखं जपलं होतं, आणि त्या जपण्यानेच ती आता मेटाकुटीला आली होती. नवरा जिना चढतानासुद्धा हात धरायचा. शेवटी तिने त्याच्याशी सौदा केला होता. आजची शर्यत एकटीने पुरी केली तर त्याने हात धरणं सोडायचं, आणि नाही जमलं तर तिने पळणं सोडायचं. त्याने लगेच हो म्हटलं होतं, तेच तिला जास्त झोंबलं होतं.

शर्यतीत सगळ्यांच्या मागून एक माणूस पळतो. वाट दाखवायला झाडांना पिवळ्या रिबिनी बांधलेल्या असतात, त्या तो सोडत येतो आणि मागे कुणी राहिलं नाही ना ते बघतो. गटात त्याला शेपूट म्हणत. यंदाचं शेपूट म्हणजे तिचा दीरच. धंद्याने प्लंबर, आणि आवाज असा की बंद नळालाही पाणी यावं.

पहिल्याच चढावर सगळे पुढे निघून गेले आणि मागे उरली ही दोघं. वहिनी भात्यासारखी धापा टाकत होती. मागून दिराचं "शाब्बास वहिनी, चालू दे!" थांबत नव्हतं. हा मला राखायलाच आलाय, असं तिच्या डोक्यात बसलं. तिची धाप त्याला ऐकू जातेय, या विचारानेच तिला मेल्याहून मेल्यासारखं होत होतं. घरी जाऊन हा सगळं सांगणार, आणि नवरा म्हणणार, बघ, मी म्हटलं नव्हतं?

एका वळणावर ओल्या रिबिनीची गाठ सुटेना म्हणून दीर थांबला. वहिनीने तेवढ्यात डाव साधला. ती वळणापलीकडच्या दाट झुडपात शिरली आणि श्वास रोखून बसली. दीर "कुठे पोचली ही!" असं पुटपुटत समोरून धावत गेला. आपल्याच हुशारीवर खूश होऊन ती मनसोक्त हसली. आता याच्या मागून आरामात जायचं, कुणाचं ऐकायचं नाही!

पुढे वाटेला तीन फाटे फुटले, तिथे तिचं हसू मावळलं. एकाही झाडावर रिबीन नव्हती. कशी असणार? शेपूट त्या सोडत गेलं होतं. इतकी वर्षं पळून एवढी साधी गोष्ट डोक्यात येऊ नये! चिखलात बुटांचे, कुत्र्यांचे, सायकलींचे ठसे एकात एक मिसळले होते. तिने अंदाजाने उताराची वाट धरली, आणि ती थेट तळ्याकाठच्या दलदलीत गेली. पाय गुडघ्यापर्यंत रुतला. बूट काढता काढता तिला रडू फुटलं. मरायची भीती नव्हती. पण आता लोक शोधायला येणार, आणि त्यानंतर घरचे तिला दुकानातही एकटी सोडणार नाहीत, याची होती.

डोळे पुसून ती पुन्हा चढ चढली. तिठ्यावर पोचली आणि बघतच राहिली. मधल्या वाटेवरच्या झाडाला पिवळी रिबीन बांधलेली होती. थोडं पुढे दुसरी. आणि ज्या वाटेने ती आधी तिठ्यावर आली होती तिकडेही एक फडफडत होती. दीर परत फिरला होता, आणि सोडलेली एकेक रिबीन पुन्हा बांधत तिला शोधायला मागे गेला होता.

पुढची वाट आता सरळ होती. गुपचूप गेली असती तर शर्यत एकटीने पुरी करता आली असती. पण तो बिचारा तिच्यासाठी सगळी टेकडी पालथी घालणार, हे तिला ठाऊक होतं. ती उलटी वळली.

तो तिला त्याच झुडपापाशी सापडला. कपाळापर्यंत चिखल, गळ्यात रिबिनींचा गुंता, आणि ओरडून ओरडून घसा बसलेला.

"भाऊजी, मी इथेच लपले होते. मुद्दाम."

तो मटकन खाली बसला. "अगं, जीव गेला असता माझा! तुझी धाप ऐकू येईना, तेव्हाच मी उलटा फिरलो."

"तेच तर! मला लाज वाटते. सारखं ऐकत असता तुम्ही."

"ऐकणारच! दवाखान्यात तुझ्यासाठी ते मशीन श्वास घ्यायचं, आठवतं? तुला कुठलं आठवणार. मी रोज शेजारी बसायचो. एका सुरात चालायचं, कधी दमलं म्हणून नाही. मला त्या सुराचा इतका राग यायचा! वाटायचं, ही बाई एकदा स्वतःची स्वतः दमू दे." त्याने नाक पुसलं. "मी तुला राखायला नाही आलो, वहिनी. शेपूट व्हायला मीच मागून घेतलं. म्हटलं, तेवढंच ऐकायला मिळेल."

वहिनीने त्याचा चिखलाने भरलेला हात धरला आणि सरळ सांगितलं, "भाऊजी, तुम्ही होतात म्हणून बरं झालं. तेव्हाही, आजही."

"बरं बरं, आता पळ! नाहीतर शर्यतीनंतरचा नाश्ता संपवून, भांडी घासून लोक घरी जातील."

ती उठली. तिठा गेला, मधली वाट आली, शेवटचा उभा चढ आला. मागे तो गाठी सोडत होता. तिने तोंड उघडलं आणि लाज सोडून, पार छातीतून, धापा टाकायला सुरुवात केली. अर्ध्या चढावर तिने मागे न वळता विचारलं, "भाऊजी, येतंय ना ऐकू?"

"येतंय," तो म्हणाला. "सगळं येतंय."