खंडेनवमीला टांगलेली तलवार

तेजल मला वापरत नाही. मित्रांनो, माझं सगळं दुखणं इथूनच सुरू होतं. चांगली वस्तू हाती आली की ही मुलगी ती जपून ठेवते. नवं दप्तर कपाटात, जुनं खांद्यावर. मावशीने दिलेली रंगपेटी अजून पिशवीतून बाहेर निघालेली नाही. आणि मी, जिला बघून चालती मढी मागे सरतात, ती पेटीत बंद! लढायला बाईसाहेब जातात दगडी तलवार घेऊन. याला काय जपणं म्हणायचं?

मी मोबाइलमधल्या खेळातली तलवार आहे. ठोकळ्यांचा खेळ. तिथे झाड चौकोनी, ढग चौकोनी, सूर्यसुद्धा चौकोनी. काचेच्या अलीकडे माझं जग आणि पलीकडे उल्हासनगरच्या कॅम्प नंबर तीनमधलं तेजलचं घर. खाली तिच्या पप्पांचा जीन्स शिवायचा कारखाना, वर राहायच्या दोन खोल्या. काचेपलीकडचं मला सगळं ऐकू येतं.

आमचं घराणं ऐरंगैरं नाही. माझी आजी लाकडाची होती. दोन फळ्या आणि एक काठी, एवढ्यात घडली आणि तीन लढायांत मोडली. आई दगडाची, मावशी लोखंडाची. मी हिऱ्याची. त्या दोन हिऱ्यांसाठी तेजलने आठवडाभर जमीन खणली. पुढे मला आणखी कणखर करायला ती पाताळात उतरली. तिथे खाली तापलेल्या रसाची नदी वाहते आणि वरून आगीचे गोळे येतात. हातभर रुंदीच्या पुलावरून ती मला धरून चालली होती. तिचा अंगठा घामाने काचेवरून घसरत होता. त्या रसात पडलेली वस्तू पुन्हा कोणाला दिसत नाही. मी घाबरले नव्हते असं म्हणेन तर खोटं ठरेल. पण ती काळा धातू घेऊन आली, मला त्याचा मुलामा चढला आणि मी रात्रीसारखी काळी झाले. मंत्राच्या पोथीने माझ्या पात्यात आग भरली. शेवटी ऐरणीवर माझं नाव कोरलं, ‘अंजनी’.

तिचा थोरला भाऊ प्रज्वल हसत सुटला. “तलवारीला आजीचं नाव?”

“धार बघ ना तिची,” तेजल म्हणाली.

“कोण गं माझं नाव घेतंय?” आतून आजीचा आवाज आला. तेजलने घाईघाईने मोबाइल पालथा घातला.

मित्रांनो, आम्हा हत्यारांच्या अंगाखाली एक रेघ असते. प्रत्येक घावाला ती कमी होते. हिरवीची पिवळी, पिवळीची लाल. मग एक बारीकसा आवाज होतो आणि हत्यार नाहीसं होतं. तेजलला त्या रेघेची भीती वाटे, म्हणून मी पेटीत. मला मात्र वेगळीच भीती होती. तिने एकच जीव मिळतो असा खेळाचा प्रकार निवडला होता.

“यडी आहेस का?” प्रज्वल तिला म्हणाला होता. “एकदा मेलीस की खेळ खल्लास. मग भुतासारखं नुसतं फिरायचं. दार उघडता येणार नाही, वीट हलवता येणार नाही.”

“मी नाहीच मरणार,” तेजल म्हणाली.

एकच जीव, आणि त्या जिवाच्या भरवशावर तिने बांधलं होतं मांजर्लीचं घर. बदलापूरच्या मांजर्लीत नदीजवळ हे लोक आधी राहत. दुसऱ्यांदा पुराचं पाणी खाटेवर चढलं तेव्हा पप्पांनी ते घर सोडलं. तेजलने ते आठवून आठवून इथे उभं केलं. निळं दार, ओट्याच्या तीन पायऱ्या, कोपऱ्यात तुळस. ती मेली असती, तर त्या घरात मी पेटीत पडून राहिले असते. ना मोडणं, ना गंजणं, ना कोणाचा हात. त्या विचारानेच माझं पातं गार पडायचं.

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी खालच्या मशिनी पुसून, तेल घालून, झेंडूच्या माळा घालून बंद ठेवल्या होत्या. कात्र्या पाटावर मांडल्या होत्या. भाजी आदल्या दिवशीच चिरून ठेवली होती. आजीने सगळ्यांना बजावलं, “आज हत्याराला हात लावायचा नाही. वर्षभर राबतात ती. आज त्यांचा मान.”

तेजलने हे फारच मनावर घेतलं. तिने मला पेटीतून काढून भिंतीवरच्या चौकटीत टांगलं. शेजारी दगडी तलवार, धनुष्य, कुऱ्हाड. चिलखतही उतरवलं, कारण तेही लढाईचंच. आणि आमच्यापुढे ठेवायला पिवळी फुलं आणते म्हणून ही शहाणी रिकाम्या हाताने, उघड्या अंगाने माळावर गेली!

भर दुपार होती, म्हणून ती निर्धास्त होती. पण वीज कडाडली. खेळात असं वादळ आलं की दिवसाही मढी जमिनीतून वर येतात. खिडकीतून मी बघत होते. आधी एक हिरवं डोकं दिसलं, मग चार, मग मोजता येईनात. तेजल पळाली. पाठीवर घाव पडला. खेळात जीव बदामांत मोजतात. तिच्या दहा बदामांचे सहा झाले, सहाचे तीन. ती ओट्यावर चढली, आत आली, दार लोटलं. दीड बदाम उरला होता. बाहेरून दारावर धपाधप हात पडू लागले. निळ्या दाराला चिरा गेल्या.

मी तिच्या डोक्यावरच होते. चौकटीला एक ठोसा मारला असता तर तिच्या हातात पडले असते.

आणि ती ओरडली, “आजी! आज तलवारीला हात लावला तर चालेल?”

“नाही म्हटलं ना!” आतून उत्तर आलं.

ती तशीच उभी राहिली. मित्रांनो, मला तोंड असतं तर मी बोंब मारली असती.

“थांबव! खेळ थांबव आधी!” प्रज्वल धावत आला. तेजलचा अंगठा कसाबसा बटणावर पोचला. त्याच क्षणी दाराची फळी फुटली होती. एक मढं हात उगारून उंबऱ्यात थिजलं. पाऊस हवेत अडकला. मी टांगलेलीच.

“काय चाललंय गं? एवढी रडतेस काय?” आजी हात पुसत आली. ती काचेवर वाकली.

“हे दार आपलं आहे,” ती हळूच म्हणाली. “मांजर्लीचं. आणि माझी तुळस इथे कोणी लावली?”

“मी,” तेजल हुंदके देत म्हणाली. “मी मेले की हे घर जाईल, आजी. परत मिळणार नाही.”

“आणि ती काळी तलवार?”

“तिचं नाव अंजनी आहे,” प्रज्वलने चुगली केली.

आजीने पदर खोचला. “मग बघत काय बसलीस? काढ खाली!”

खेळ सुरू झाला. एक ठोसा बसला आणि मी तिच्या हातात आले. पहिलं मढं पेटलं. दुसऱ्याने तिला ओरबाडलं. अर्धा बदाम! “उजवीकडे गं, उजवीकडे!” आजी ओरडत होती. माझी रेघ भराभर उतरत होती, पण मला तिची पर्वा उरली नव्हती. शेवटचं मढं पायरीवर कोसळलं तेव्हा उंबऱ्यात नुसता धूर होता.

मित्रांनो, लाडक्या वस्तूला कुलपात ठेवलं की तिची काळजी घेतली, असं समजू नका. पुसा, तेल घाला, मोडली तर दुरुस्त करा, पण हातात घ्या. आम्ही कामासाठी घडतो.

तेजलने डोळे पुसले. दीर्घ श्वास घेतला आणि पुन्हा भिंतीच्या चौकटीकडे वळली. “आता परत टांगून ठेवते. आज नवमी आहे ना.”

आजीने तिचा हात धरला.

“तेजू, इकडे बघ. मान द्यायचा तो घर शांत असताना. नियम मी घातला होता, दार फुटेपर्यंत पाळ असं नव्हतं सांगितलं. तुला कळत होतं काय करायचं ते, तरी मला विचारत बसलीस. याला मी आज्ञाधारक म्हणत नाही, भित्री म्हणते. पुढच्या वेळी दारात मढी असताना मला हाक मारलीस, तर त्यांच्याआधी माझी थप्पड पडेल.”