छातीच्या फोटोची दहा वाक्यं

थ्येन-फा आजोबांनी माझ्या हातावर फटका मारला तेव्हा मी रेडिओग्राफीच्या तिसऱ्या वर्षाला होते आणि रुग्णसेवेच्या पेपरात मला ब्याण्णव गुण होते.

उन्हाळ्यात आम्हाला दोन महिने रुग्णालयात कामाला पाठवतात. वर्गातल्या बहुतेकांनी ताइपे नाहीतर काओश्युंग अशी मोठी शहरं मागून घेतली. मी चियायीच्या किनाऱ्याजवळचं एक साधं रुग्णालय मागितलं. वारा सुटला की तिथे गाड्या लावायच्या जागेपर्यंत शिंपल्यांतल्या कालवांचा वास यायचा. माझ्या आमाचं, म्हणजे आजीचं गाव तिथून वीस मिनिटांवर. आमा दोन वर्षांपूर्वी गेली होती, तिचं घर काकांनी विकलं होतं. तरी मी तेच गाव मागितलं. आईने विचारलं, "तिकडे आता कोण आहे तुझं?" मी अर्ज भरून टाकला.

पहिल्याच आठवड्यात, मंगळवारी सकाळी, व्हीलचेअरवरून एक म्हातारे आले. वंग थ्येन-फा, वय शहाऐंशी, खोकला आणि ताप, छातीचा फोटो. खुर्ची ढकलत होती त्यांना सांभाळणारी बाई. डोक्याला जांभळा स्कार्फ, चाळिशीच्या अलीकडची, इंडोनेशियातल्या जावा बेटावरची. फान मॅडम, म्हणजे माझ्या वरिष्ठ, काचेमागे यंत्रापाशी उभ्या राहिल्या आणि मला म्हणाल्या, "हा पेशंट तुझा. मी फक्त बघणार."

मी पुस्तकात होतं तसं केलं. वाकले, हसले, पेइ-शान असं स्वतःचं नाव सांगितलं. मग मँडरिनमध्ये विचारलं, "आजोबा, तुमचं पूर्ण नाव आणि जन्मतारीख सांगाल का?"

आजोबांनी माझ्याकडे पाहिलं, मग त्या बाईकडे. "काय म्हंती गं ही मडम?"

ते ताईगीत बोलत होते, आमच्या किनाऱ्याच्या भाषेत. आणि ती जावाची बाई त्याच भाषेत, जराही न अडखळता म्हणाली, "नाव इचारतीया, आन कवा जन्मलासा त्ये. सांगा की! माज्याकडं काय बघताय? माजा फोटू न्हाय काढायचा."

"आदुगर तिला सांग, जेवन कवा मिळनार त्ये."

काचेमागे फान मॅडम हसल्या. मलाही हसू यायला हवं होतं, पण मला निम्मंसुद्धा कळलं नव्हतं. त्या दोघांचं बोलणं मला पुढे फान मॅडमनी सांगितलं. तैचुंग शहरात वाढलेली, बाबांचं मूळ गाव इथलंच असलेली मी, आणि माझा दुभाषा समुद्रापलीकडची बाई.

क्ष-किरणांमुळे सोबतच्या माणसाला बाहेर थांबावं लागतं. ती बाई बाहेर गेली, जाड दार लागलं, आणि आजोबांच्या तोंडावर एकदम भीती आली. थंडगार खोली, पाठीला गार प्लेट, अंगावर पातळ गाऊन आणि समोर बडबडणारी, न कळणारी मुलगी. त्यांच्या गळ्यात लाल दोऱ्यात मात्सू या समुद्रदेवीचा धातूचा ताईत होता. तो फोटोत येतो, काढावा लागतो. मी तसं म्हणाले. मँडरिनमध्ये. मग हात पुढे करून दोऱ्याला धरलं.

तेव्हा फटका बसला. चांगला सणसणीत. शहाऐंशी वर्षांच्या हातात एवढा जोर असेल असं वाटलं नव्हतं.

मी कशीबशी त्यांची हनुवटी वर केली, ताईत मानेमागे सरकवला, काचेमागे धावत आले आणि माइकवर म्हणाले, "श्वास घ्या, रोखून धरा." ते खोकले. फोटो हलला. फान मॅडमनी मला बाजूला केलं आणि माइकवर ताईगीत म्हणाल्या, "आजोबा, मी हाय हितं, काचंमागं. दिसतीया का? आता स्वास आत वढा... दम कोंडा... झालं, सोडा." दुसरा फोटो एका झटक्यात आला.

दुपारी त्या म्हणाल्या, "तुझ्यामुळे त्या माणसाला दोनदा किरणं घ्यावी लागली."

"मॅडम, मी सगळं विचारलं होतं. समजावूनही सांगितलं होतं."

"कुणाला? भिंतीला?" त्यांनी डबा उघडला, पेजेवरचं कालव चॉपस्टिकने बाजूला केलं. "यंत्र चालवायला तू शिकशील, ते माकडही शिकेल. इथले निम्मे पेशंट सत्तरीच्या पुढचे आहेत. पुढच्या शुक्रवारपर्यंत दहा वाक्यं शीक. नाव काय, कुठे दुखतं, हात लावू का, गार लागेल, हलू नका, श्वास घ्या, रोखा, सोडा. आणि दोन तुझ्या मनाची."

"कुणाकडून शिकू?"

"मी शिकवणार नाही. मला वेळ नाही."

आजोबांना न्यूमोनिया निघाला आणि चौथ्या मजल्यावर दाखल केलं. संध्याकाळी मी तिथे गेले. ती बाई, सुलास्त्री तिचं नाव, त्यांच्या पायाची नखं कापत होती. मी माझी अडचण सांगितली. ती मँडरिन कळेल एवढं बोलायची, त्यात ताईगी मिसळून. आधी तिला वाटलं मी चेष्टा करते. मग ती इतकी हसली की शेजारच्या खाटेवरचे गृहस्थ उठून बसले.

"ऐकलंत का आजोबा? ही पोरगी तुमची भाषा शिकाया माज्याकडं आलीया!"

"मग फी घे," आजोबा डोळे मिटूनच म्हणाले.

रोज कामानंतर मी अर्धा तास तिथे बसू लागले. सुलाताई सहा वर्षं आजोबांच्या गावात राहत होती. गल्लीत दुपारी बायका कालवं फोडायला बसत, त्यांच्यात बसून ती भाषा शिकली होती. त्यामुळे तिच्या बोलण्यात शिव्या भरपूर आणि चांगल्या होत्या. मी चुकले की आजोबा खाटेवरून ओरडायचे, "तोंड उघड! मासा हाईस का काय? सूर वर ने, वर!" ताईगीत सूर चुकला की शब्दच बदलतो. 'दम कोंडा' म्हणताना मी दोन दिवस भलतंच काहीतरी म्हणत होते. ते काय होतं हे दोघांनीही मला शेवटपर्यंत सांगितलं नाही.

नऊ वर्षांची होईपर्यंत माझ्या सगळ्या सुट्या आमाकडे गेल्या. तेव्हा मला तिची भाषा येत असणार, कारण आम्ही दिवसभर बोलत असू. मग शिकवण्या आल्या, सुट्या संपल्या. शाळेतले उच्चार बिघडायला नकोत म्हणून घरी सगळे मँडरिनच बोलायचे. भाषा कधी गेली ते मला कळलंही नाही. पुढे नववर्षाला गावी गेलं की मी म्हणायचे, "आमा, जेवलीस?" आणि संपलं. ती माझं मनगट धरून कितीतरी वेळ सांगत बसायची. तिचे हात कालवांच्या शिंपल्यांनी कापून कापून खरखरीत झालेले. मी मान डोलवायचे. बाबांना विचारलं तर ते म्हणायचे, "काही नाही गं, म्हातारीचं आपलं नेहमीचं."

पाचव्या दिवशी मी गेले तेव्हा सुलाताई वॉर्डबाहेरच्या बाकावर फोनवर बोलत होती. पडद्यावर आठेक वर्षांचा मुलगा होता, बागुस. ती त्याला सोडून आली तेव्हा तो दोन वर्षांचा होता, तिच्या आईने वाढवलेला. ती भरभर जावानी भाषेत बोलत होती. तो मान डोलवत होता. नजर दुसरीकडेच कुठेतरी. मग पडद्यावर नुसती भिंत दिसू लागली.

"काय म्हणाला?" मी विचारलं.

"काय न्हाय. मी बोलती, त्यो मान हलवतो." तिने फोन पुसून खिशात ठेवला. "लाजतोय. ग्वाड हाय पोर. माज्या आयला त्यो आय म्हंतो, आन मला नावानं."

"वाईट वाटतं का तुला?"

तिने स्कार्फ सारखा केला. "मान हलवली की मला कळतंय, ऐकतोय तरी. त्येवड्यासाठी रोज फोन लावती. पर फोन ठिवला की वाटतंय, आपुन यवडं बोललो, त्यातलं काय पोचलं आसंल?"

मला त्या दिवशी धडा घेता आला नाही. जिन्यात जाऊन मी बराच वेळ उभी राहिले. इतकी वर्षं मी फक्त माझ्याच बाजूने विचार करत आले होते, मला काय समजलं नाही एवढाच. माझी मान हलताना बघून आमाला काय वाटलं असेल, हे कधी मनातच आलं नव्हतं.

नवव्या दिवशी आजोबांचा पुन्हा फोटो निघाला. फान मॅडम नुसत्या माझ्यामागे उभ्या राहिल्या. मी आधी हात गरम पाण्याखाली धरून ऊब आणली. मग खुर्चीसमोर उकिडवी बसले आणि ताईगीत म्हणाले, "आजोबा, तुमचं नाव काय?"

"नऊ दिस झालं, अजून नाव ठावं न्हाय?"

"नियम हाय. सांगा."

त्यांनी सांगितलं, जन्मतारीखही. "देवी जरा माज्याकडं द्याल का? फोटू झाला की लगीच परत देती." त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं, मान खाली केली. मी दोरा हळूच सोडवला आणि ताईत स्वच्छ रुमालात गुंडाळून त्यांना दिसेल असा टेबलावर ठेवला. "आता पाठीला गार लागंल हं." "लागू दे." सुलाताई बाहेर गेली. या वेळी ते दाराकडे बघत बसले नाहीत.

"स्वास आत वढा," मी माइकवर म्हणाले. "दम कोंडा." बटण दाबलं. पडद्यावर फुप्फुसं उमटली, स्वच्छ, एका रेषेत, माझ्या हातून निघालेला पहिला निर्दोष फोटो. मी बघतच राहिले.

"पेइ-शान," फान मॅडम शांतपणे म्हणाल्या, "तो माणूस अजून दम कोंडून बसलाय."

काचेपलीकडे आजोबा लालबुंद झाले होते. "सोडा! सोडा!" मी ओरडले.

"मारतीस का काय गं!" त्यांनी भसकन श्वास सोडला आणि खोकत खोकत हसू लागले. "सांगितल्याबिगर कसा सोडनार? तूच म्हनलीस कोंडा!"

सुलाताई आत आली; वॉर्डातला माणूस न्यायला येईपर्यंत दहा मिनिटं होती. मी धीर करून दोघांना विचारलं. लहानपणी मी परत निघाले की बसच्या खिडकीशी उभी राहून आमा एक वाक्य म्हणायची, दर वेळी तेच. त्याचा आवाज मला आठवत होता, अर्थ नाही. मी ते म्हणून दाखवलं.

आजोबांनी कान पुढे केला. "परत म्हन."

मी म्हणाले.

"'घरी जाऊन कळीव' असं आसंल," सुलाताई म्हणाली.

"न्हाय न्हाय. 'डोकं आत घे' म्हंत आसंल, खिडकीतनं. नायतर 'फुडच्या येळंला लौकर ये'. सूर चुकतोय हिचा. परत म्हन पोरी."

मी परत म्हणाले, मग आणखी एकदा, सूर वर नेऊन, मग खाली आणून. पाचव्या वेळी माझ्या लक्षात आलं की आता मी माझंच शिकलेलं ताईगी ऐकते आहे. खिडकीखालचा तो आवाज कुठे संपला आणि माझा कुठे सुरू झाला ते मला सांगता येईना. मी थांबले.

"ऱ्हाऊ दे," आजोबा हलकेच म्हणाले. त्यांनी ताईत मागितला. मी तो त्यांच्या गळ्यात बांधला, आणि गाठ बसेपर्यंत ते मान वाकवून बसले.

दुसऱ्या दिवशी ते घरी गेले. सप्टेंबरात मी कॉलेजला परतले, पुढच्या वर्षी परीक्षा पास झाले आणि त्याच किनाऱ्यावरच्या दुसऱ्या गावात नोकरी धरली. त्या हिवाळ्यात सुलाताईचा निरोप आला. आजोबा झोपेतच गेले होते. तिला आता ताइपेत एका बाईंकडे काम मिळालं होतं. घर मोठं, बाई सज्जन, घरात सगळं मँडरिन.

तिला रविवारी सुट्टी असते. स्टेशनच्या मोठ्या दालनात जावाकडच्या मैत्रिणी जमतात, डबे उघडतात, गाणी म्हणतात. दुपारी तीनच्या सुमारास ती त्यांच्यातून उठून एका खांबापाशी जाते आणि मला फोन लावते.

"बोल गं पोरी कायतरी," ती ताईगीत म्हणते. "आठवडाभर गप हाय मी. मैतरिनींशी आमची भाषा बोलती, बाईंशी त्यांची. पर भांडाया आन शिव्या द्याया मला हीच लागती बग. आजोबा गेलं, आता कुनाशी भांडू?"

मी तिला आठवड्यातले पेशंट सांगते. ती बागुसचं सांगते. यंदा ईदला ती महिनाभर घरी जाणार आहे, आणि घरी गेल्यावर त्याच्याशी पहिलं काय बोलायचं हे तिला अजून सुचलेलं नाही. मग ती विचारते, आज काय जेवलीस. मी सांगते. मधेच एखादा सूर चुकतो, आणि तिकडे गर्दीत, खांबाला टेकून ती हसायला लागते.

"परत म्हन," ती म्हणते.