नमिराच्या रातकिड्यांचा डबा

मी एक जुना डबा आहे. पत्र्याचा, चौकोनी, झाकणाला खिळ्याने भोकं पाडलेला. माझ्या पोटात एके काळी रातकिडे गात असत. मित्रांनो, किळस करू नका. एका जिवाचं जेवण दुसऱ्याला किळसवाणं दिसतंच.

माझं आयुष्य मला सलग आठवत नाही. अंगावर जिथे पोचे आहेत, तिथेच आठवतं. म्हणून पोच्यापोच्याने सांगतो.

पहिला पोचा

बुरैदा शहरातल्या कारखान्यात माझा पत्रा वाकवला, वर खजुराचं झाड छापलं आणि पोटात सुक्करी खजूर दाबून भरला. दखील आजोबांनी मला घरी आणलं, तेव्हा उतरवताना मी पायरीवर आपटलो. पण ते दिवस मानाचे होते. पाहुणा आला की कॉफीच्या सुरईशेजारी मला ठेवत. खजूर संपला, मानही संपला. मग माझ्यात सुतळी आली, तुटक्या चाव्या आल्या, आणि मी न्हाणीघरावरच्या फळीवर गेलो.

भोकं (हे पोचे नव्हेत, पण दुखलं जास्त)

भोकं मुझनाने पाडली. ती आजोबांची नात, शाळेत जाणारी, कमी बोलणारी. तिचा मामा गाव सोडून जाताना आपली पाळलेली पाल तिच्या हवाली करून गेला होता. जाड शेपटीची, ठिपक्यांची गेको. मुझनाने तिला नमिरा म्हटलं आणि जीव लावला. मुझनाची आई हैला काचेच्या पेटीकडे बघून रोज म्हणे, “पालीला चप्पल दाखवायची असते गं, ताट नाही.”

ताटात तरी काय होतं? पिठातल्या अळ्या. स्वस्त, कुठेही मिळणाऱ्या. नमिरा आवडीने खायची, फुगत चालली होती, आणि एक दिवस तिचे पुढचे पाय वाकले. पोट जमिनीला घासू लागलं. जनावरांच्या सुदानी डॉक्टरांनी तिचा जबडा बोटाने दाबून पाहिला. तो रबरासारखा मऊ झाला होता.

“अळी म्हणजे लोणी,” ते मुझनाला म्हणाले. “तू नुसतं लोणी खाल्लंस तर उभी राहशील का? रातकिडे दे. आणि देण्याआधी त्यांना पोटभर चांगलं खाऊ घाल. त्यांनी खाल्लेलंच हिच्या अंगी लागणार.”

वर भुरभुरायला त्यांनी चुन्याची औषधी पूड दिली. पण रियाधहून बाजारात येणारे रातकिडे महाग, आणि त्यातले कितीतरी वाटेतच मेलेले. म्हणून मुझनाने ते घरीच वाढवायचं ठरवलं आणि मी फळीवरून खाली आलो. माझ्या पोटात अंड्यांचे पुठ्ठे उभे राहिले, अंडी घालायला ओल्या वाळूची वाटी आली. गाजर, कोंडा, जिरजीरच्या भाजीची पानं आली. थोड्याच आठवड्यांत मी गाऊ लागलो. हैला कानात बोटं घालून विचारी, घरात कोणाचं लग्न आहे का.

आणि नमिराने पोट उचललं. अगदी थोडं, कागद सरकेल एवढंच. मित्रांनो, खजूर पोटात होता तेव्हाही मला इतका अभिमान वाटला नव्हता.

खोल पोचा

हिवाळ्यात घरची मंडळी उमऱ्याच्या यात्रेला मक्केला गेली. माझ्याशेजारचा हीटर बंद राहिला. परत येऊन मुझनाने झाकण उघडलं, तेव्हा मूठभरच रातकिडे हलत होते. नवी पिल्लं मोठी व्हायला वेळ लागणार होता. नमिराचे पाय अजून पुरते सावरले नव्हते. पुन्हा अळ्यांवर आणलं तर ती कायमची बसेल, हे मुझनाला ठाऊक होतं. ती उरलेले रातकिडे पुरवून पुरवून घालत होती.

अशात टोळधाड आली.

आमच्याकडे टोळ ही आपत्ती कमी आणि मेजवानी जास्त. टोळाने वाळवंटातली प्रत्येक वनस्पती चाखलेली असते, म्हणून त्याच्या अंगात प्रत्येक औषध असतं, असं आजोबांच्या वडिलांपासून सगळे मानत आले. धरायची रीत एकच. उजाडायच्या आत जायचं. थंडीने गारठलेला टोळ उडी मारत नाही, झुडपावरून बोरांसारखा ओरबाडून घ्यायचा. ऊन चढलं की तो कोणाच्या बापाला सापडत नाही.

गुडघे धरल्यामुळे आजोबा त्या दिवशी उशिरा पोचले. ऊन वर आलं होतं. तरी झुडपं टोळांनी लगडलेली आणि गप्प. त्यांनी पोतं भरलं आणि घरी येऊन सांगितलं की देवाने म्हाताऱ्यासाठी ते थांबवून ठेवले होते.

हैलाने फोनवर आलेली सूचना वाचून दाखवली. फवारणी झाली आहे, टोळ खाऊ नका.

“दरवर्षी हेच लिहितात,” आजोबा म्हणाले. “आम्ही खाल्ले, अजून जिवंत आहोत. तुमच्या त्या गाणाऱ्या किड्यांपेक्षा हे लाख पटीने चांगले. फुकट, आणि अस्सल.”

अर्धं पोतं त्यांनी शेजारच्या उम्म जालीकडे पाठवलं. ओंजळभर टोळ माझ्यात टाकले. मी हीटरशेजारी होतो, माझा पत्रा गरम होता. तरी ते उडी मारत नव्हते. नुसते पाय थरथरवत होते.

मुझनाने विचारलं, “आजोबा, हे हलत का नाहीत?”

“गारठलेत गं.”

त्यांनी एकाचे पंख आणि मागचे पाय खुडले, जसे स्वतःसाठी खुडत तसेच, आणि तो तिच्या तळहातावर ठेवला. मुझनाने त्यावर पूड भुरभुरली. नमिरा चालत आली, आणि तिने तो खाल्ला. मग आणखी एक.

मला बोलता येत नव्हतं. माझ्या पोटातले रातकिडे टोळांभोवती उताणे पडू लागले होते, पण झाकण बंद होतं.

दुपारी नमिराची मान पाठीकडे वळली. तिने हवेत पाय मारले. मुझनाने तिला उचललं, ओल्या फडक्यात घेतलं, डॉक्टरांना फोन लावला. फोन उचलला जाईपर्यंत ती तिच्या हातात ताठ झाली होती.

स्वयंपाकघरात मिठाच्या पाण्याचं पातेलं उकळत होतं. हैलाने मुलीच्या हातातली नमिरा पाहिली आणि गॅस बंद केला.

“उकळलं की जातं सगळं,” आजोबा म्हणाले, पण आवाज उतरला होता.

“बाबा, ती तुमच्या आधी जेवली. तेवढंच तुमचं नशीब.”

आजोबा काठी न घेताच शेजारी निघाले. तिथलं पातेलं रिकामं झालं होतं. पुढचं मी पाहिलं नाही. एवढंच कळलं की ते कितीतरी दिवस इस्पितळात खेपा घालत होते, आणि उम्म जाली घरी परतल्यावरही तिचा उजवा हात कापत राहिला. ती आमच्या दारावरून जाते, आत येत नाही.

तळ

मला राखेने घासलं, उन्हात उपडं घातलं. मुझनाने पुन्हा माझ्यात काही ठेवलं नाही. नमिराची काचेची पेटी तिने कोणाला देऊन टाकली. आजोबांनी दुसरी पाल आणून देऊ का म्हणून विचारलं, तेव्हा ती वही उघडून अभ्यासाला बसली. मी अंगणात गंजतो आहे.

मित्रांनो, तुम्ही पाल पाळा, पक्षी पाळा, काहीही पाळा. खर्च परवडत नसेल तर घरी वाढवा, त्यात कमीपणा नाही. पण रानातून फुकट आलेलं, कुठे काय खाऊन आलं ते माहीत नसलेलं, त्यांच्यापुढे टाकू नका. सांगणारा कितीही मोठा असो, किडा निपचित दिसला तर हात मागे घ्या. तुम्ही नको म्हणू शकता. पेटीतला जीव तुमचा हात दिसला की तोंड उघडतो.