काळजी नसलेली माणसं

इंग्रजीच्या क्लासच्या सरांना सगळे मागून शेपूटसर म्हणत, आणि ते त्यांनी स्वतःच ओढवून घेतलं होतं. इंग्रजी शब्दाच्या शेवटी लागणाऱ्या प्रत्ययाला ते शेपूट म्हणायचे. शेपूट पकडा, शब्द आपोआप हातात येतो, हा त्यांचा सिद्धांत. डिक्शनरीबद्दल तर असे बोलत, जणू ती ढ माणसांसाठीच छापलेली.

त्या दिवशी फळ्यावर 'लेस' होतं. लेस म्हणजे नसणं. होमलेस, घर नसलेला. पेनलेस, वेदना नसलेलं. आता तुमचे शब्द तुम्ही बनवा, असं फर्मावून सर चहाला गेले. देवानं सरांना एवढा मोठा आवाज दिला, त्यात चिमूटभर लाज घालायची तेवढी राहून गेली.

मागच्या बाकावर मावशी बसायच्या. वृद्धाश्रमात आया होत्या. तिथं मुख्य आयाची जागा रिकामी झाली होती आणि मुलाखत इंग्रजीत द्यायची, अशी विश्वस्तांची अट होती. तिथल्या म्हाताऱ्यांना इंग्रजी काय करायचं होतं, देव जाणे. निम्म्यांना स्वतःचं नाव आठवत नव्हतं. पण मावशींना ती जागा हवीच होती. माणसं उचलून उचलून कंबर गेली होती, आणि मुख्य आयाला उचलाउचल नसते.

मावशींनी शब्द बनवला. केअर म्हणजे काळजी, तर केअरलेस म्हणजे काळजी नसलेला, निश्चिंत. सर परतल्यावर त्यांनी तो सांगितला. फळा पुसता पुसता, धड न ऐकताच सर म्हणाले, "व्हेरी गुड."

मुलाखतीला विश्वस्तसाहेब आणि मेट्रनबाई होत्या. तुम्हालाच का नेमायचं, असं विश्वस्तांनी विचारलं. माझ्यामुळे इथल्या म्हाताऱ्यांच्या घरचे निश्चिंत असतात, हे मावशींना सांगायचं होतं. त्यांनी खणखणीत आवाजात सांगितलं, "सर, हियर ऑल फॅमिली केअरलेस." आणि आपुलकीनं जोडलं, "युवर फॅमिली ऑल्सो."

विश्वस्तांची आई वरच्या मजल्यावर खाटेला खिळलेली होती. साहेब दर महिन्याला मीटिंगला येत आणि जिना न चढता परत जात. त्यांचा चेहरा काळवंडला. मेट्रनबाईंना एकाएकी खोकला आला. मुलाखत तिथंच आटोपली.

संध्याकाळी मावशींनी सरांना गाठून सगळं सांगितलं. सरांनी कपाळाला हात लावला. केअरलेस म्हणजे निष्काळजी, बेपर्वा, असं त्यांनी सांगितलं. वर हेही ऐकवलं, की अपवाद ते पुढच्या आठवड्यात घेणार होते आणि शब्द काही त्यांनी बनवला नव्हता. यश आलं असतं तर तो त्यांचाच झाला असता, एवढंच.

सकाळी मेट्रनबाईंनी मावशींना बाजूला घेतलं. साहेब अजून तयार आहेत, म्हणाल्या. चुकून बोलले, तसं मुळीच नाही, एवढं त्यांच्यासमोर म्हणायचं. जागा तुमचीच.

मावशींनी कंबरेवर हात ठेवला.

"शब्द चुकला, हे म्हणेन बाई. पण तसं नाही, हे कसं म्हणू?"

"अहो, एक वाक्य तर आहे."

"त्यांच्या आईला रोज मी भरवते. तिच्यासमोर जाऊन उभं राहायचंय मला."

जागा दुसरीला मिळाली. तिचं इंग्रजी फार सफाईदार होतं, असं साहेबांनी शेऱ्यात लिहिलं. मावशी वर गेल्या, खिडकीजवळ साहेबांच्या आईच्या खांद्याखाली हात घातला आणि दात आवळून त्यांना कुशीवर वळवलं.