न भिजवलेल्या विटा

बायको ईरम्मा गेल्याचं संगप्पाला कळलं तेव्हा तो घरामागं विटांसाठी जागा करत होता. मोडकी सायकल, जळणाची लाकडं, जुन्या खाटेचा सांगाडा, सगळं त्यानं कुंपणाला लावून ठेवलं होतं. सकाळीच माहेराहून, मैंदर्गीहून, ईरम्माचा फोन येऊन गेला होता. टेम्पो भरलाय, विटा उतरवून घ्या, मी मागनं एसटीनं येते. दुसरा फोन आला तो मेव्हण्याचा, ईश्वरप्पाचा.

"दाजी, टेम्पो गेला आन् अक्का लिंबाखाली बसली. पाणी आण म्हणून सांगितलं माज्या पोरीला. पाणी घेऊन येईस्तवर मान टाकली होती. डॉक्टर येऊन बघून गेला. संपलं म्हणाला."

पलीकडून ईश्वरप्पा हॅलो हॅलो करत होता. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी टेम्पोचा हॉर्न वाजला.

टेम्पोवाला शाकीर मैंदर्गीतून आधीच निघाला होता, त्याला काही ठाऊक नव्हतं. खाली उतरून तो हसतच म्हणाला, "चाचा, चाचीनं दम देऊन पाठवलंय. विटा फेकायच्या न्हाईत, हातानं उतरवायच्या. एक फुटली तरी शाकीर तुझी खैर न्हाई म्हणाली."

संगप्पानं टेम्पोचा मागचा फळका पाडला आणि तो विटा उतरवायला लागला. शाकीर वरून द्यायचा, तो खाली रचायचा. अर्धा टेम्पो झाल्यावर शाकीरनं विचारलं, "चाची कुठवर आली असंल?"

"तितंच हाय," संगप्पा म्हणाला. "हे मोकळं झालं की आपल्यालाच जायचंय आणायला." मग त्यानं सांगितलं. शाकीर फळक्यावर बसला तो बराच वेळ उठेना. संगप्पानं त्याला हात धरून उठवलं. राहिलेल्या विटाही दोघांनी हातानंच उतरवल्या.

मैंदर्गीत पोचल्यावर ईश्वरप्पा म्हणाला, "फोन करून किती वेळ झाला दाजी. विटा उतरवत बसला व्हता व्हय?" माणसं बसली होती, सगळ्यांनी ऐकलं. तिला घरी आणलं, लिंगायत रीतीप्रमाणं बसवून माती दिली, तेव्हाही ते वाक्य संगप्पाच्या डोक्यातून जात नव्हतं.

विटा ईरम्माच्या माहेरच्या होत्या. तिच्या बापानं गावतळ्यातला गाळ काढून पाडलेल्या, रानातच भट्टी लावून भाजलेल्या. त्या विटांच्या घरात भर वैशाखात भिंतीला पाठ लावून बसलं की गार वाटायचं. ईश्वरप्पाला आता स्लॅबचं घर बांधायचं होतं, म्हणून त्यानं जुनं पाडायला काढलं. ईरम्मा म्हणाली, विटा कुणाला द्यायच्या नाहीत, मला पाहिजेत.

सोलापुरात तिची मागची खोली होती पश्चिमेला तोंड करून. सिमेंटच्या ब्लॉकची भिंत, वर पत्रा. तिथं बसून ती टॉवेलच्या कडा शिवायची. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत संगप्पा मागावर कामाला होता, तिथले टॉवेल गठ्ठ्यानं घरी यायचे. दुपारनंतर भिंत तापायची ती दिवेलागण झाली तरी हात लावू देत नसे. टॉवेल भिजवून अंगावर घेऊन ती मशीन चालवायची. संगप्पा म्हणायचा, पंखा मोठा घेऊ. ती म्हणायची, पंखा काय करतोय, गरम वारं इकडचं तिकडं करतोय. माहेरी गेलं की भिंतीला हात लावून दाखवायची आणि कानडीत म्हणायची, "तंप इरतद." गार राहतंय.

पाडलेल्या घराच्या विटा तिनं स्वतः साफ केल्या. जुनी बांधणी चुन्याची, त्यामुळं खुरप्याच्या पाठीनं टोकरलं की चुना सुटून यायचा आणि वीट जशीच्या तशी हातात. त्या कामासाठीच ती भावाकडं राहिली होती.

दिवसकार्य झालं. मुलगा शिवू पुण्याहून आला होता, तो जायच्या आधी दोघं मागं विटांजवळ बसले. शिवू एका बिल्डरकडं साइटवर सुपरवायझर होता.

"अप्पा, ह्या कुणाला तरी देऊन टाका. खोलीचं बघतो मी. हलके पांढरे ब्लॉक मिळतात, आत हवा असते, ऊन अडवतात. दोन दिवसात भिंत उभी."

"तुज्या आईनं ह्या आणल्यात."

"आईला मी पण सांगितलं होतं. विटेपायी रानातली चांगली माती जाते. कोळसा जळतो, धूर होतो. सगळीकडं बंद करायला लागलेत लोक."

"ही काय आज भाजलीय व्हय? तुजी आई बोलायला शिकली न्हवती तवाचा धूर हाय तो. गेला कवाच. माती पण तवाच गेली, आन् ती रानातली न्हवती, तळ्यातला गाळ व्हता. आता ह्या टाकायच्या आन् नवीन काय तरी कारखान्यात करून आणायचं. ह्यात कुणाचं भलं हाय सांग की."

शिवूनं एक वीट उचलून दुसरीवर वाजवली. खणकन आवाज आला. "वीट वाईट म्हणतच नाही मी," तो म्हणाला. "चांगलीच आहे. पण गवंडी कुठला आणणार? ह्या कमीजास्त मापाच्या, ह्याला मुरलेला हात लागतो. आणि भिंत विटेची केली तरी डोक्यावर पत्रा आहेच की. निम्मी उष्णता तिकडून येते."

पत्र्याचं संगप्पाला ठाऊक होतं. पण त्या वेळी ऐकून घ्यायची त्याची तयारी नव्हती. "तू जा पुण्याला," तो म्हणाला. "गाडी चुकंल."

गवंड्याचं मात्र शिवू म्हणाला तसंच झालं. एक आला, विटा बघून म्हणाला, मामा, ह्याचा पाया करा नाहीतर तुळशीकट्टा करा. दुसरा म्हणाला ब्लॉक आणा, उद्यापासून येतो. तिसऱ्यानं फोन उचलणंच सोडलं. रोज कामावरून आल्यावर संगप्पा गवंडी शोधत फिरायचा आणि रोज चिडून परत यायचा. लोक म्हणायचे, सरळ ब्लॉक लाव की गा, कशाला हट्ट करतोस. ह्या गावात माणसानं एक विटेची भिंत बांधतो म्हटलं तर त्याला खुळ्यात काढतात, ह्याचा त्याला संताप यायचा. ज्या घरांकडं बोट दाखवून लोक म्हणतात पूर्वीची घरं किती गार होती, ती घरं कशाची होती हे त्यांना विचारायला पाहिजे असं त्याला वाटायचं.

शेवटी शाकीरनंच त्याच्या मामूला आणलं. इसूफ गवंडी, वय झालेला, तोंडात कायम सुपारी. त्यानं विटांच्या ढिगाभोवती एक चक्कर मारली, एक वीट जिभेला लावली आणि म्हणाला, "प्यासी हाय ही. लई पाणी पिणार. आदल्या दिवशी भिजत घालायच्या, बुडबुडे थांबेपर्यंत. पाणी हाय न्हवं?"

"पाणी न्हाई," संगप्पा म्हणाला.

हे खोटं होतं. अंगणात सिमेंटचा हौद होता आणि तो काठोकाठ भरलेला होता. नळाला चार-पाच दिवसांनी पाणी यायचं, कधी पहाटे कधी दुपारी. ईरम्मानं मैंदर्गीला जायच्या आधीच्या पाण्याच्या पाळीला हौद भरला होता, पत्र्याचं झाकण ठेवून वर दगड ठेवला होता. तिचा नियम होता, पुढची पाळी येईस्तवर हौदाला हात लावायचा नाही, काय लागेल ते घरातल्या पिंपातून. ती गेल्यावर कितीतरी पाळ्या येऊन गेल्या. एकट्या माणसाला पिंप पुरायचं. संगप्पानं झाकण उघडलंच नव्हतं. त्यातलं पाणी तिनं भरलेलं होतं, एवढंच कारण. पण हे गवंड्याला सांगायचं कसं?

"पाळी कवा हाय?"

"काय भरवसा न्हाई. तुमी सुरू करा. मी शिंपडतो की."

"शिंपडून भागत न्हाई भाऊ. वीट वाळकी असली की सिमेंटच्या मालातलं पाणी ओढून घेती. माल मरतो."

"लोक बांधतातच की."

इसूफनं सुपारी या गालातून त्या गालात घेतली. त्याला दुसरं काम मिळत नव्हतं आणि समोरचा माणूस दुःखात होता. "बघा बाबा," तो म्हणाला. "तुमचं घर हाय."

आधी ब्लॉकची भिंत पाडली. पत्र्याला खालून लाकडी बल्ल्यांचे टेकू लावले. ब्लॉक घणाच्या एका घावात भुगा व्हायचे. त्यातलं पुन्हा वापरायला काही निघालं नाही, ट्रॅक्टरभर राडारोडा झाला आणि तो कुठं टाकायचा ह्यावरून शेजाऱ्याशी भांडण झालं ते वेगळंच. मग विटेचं काम सुरू झालं. संगप्पानं सुट्टी घेतली होती. तो पिंपातून तांब्यानं पाणी आणून विटांवर शिंपडायचा. पाणी पडता पडताच वीट ते पिऊन टाकायची. इसूफ ओळंबा धरायचा, दोरी ओढायचा, एकेक थर चढवायचा. मापाच्या कमीजास्तपणाला तो सांध्यात सांभाळून घ्यायचा. खिडकीच्या खालपर्यंत भिंत आली तेव्हा संगप्पानं लांब जाऊन बघितलं. मैंदर्गीच्या घरासारखीच दिसत होती. त्याला बरं वाटलं, ती गेल्यापासून पहिल्यांदाच.

दोन दिवस इसूफची तब्येत बरी नव्हती. परत आल्यावर त्यानं वरचा थर हातानं चाचपला आणि एक वीट उचलली. ती झाकणासारखी वर आली. खालचा माल वाळूसारखा सुटा पडला. त्यानं दुसरी उचलली, तिसरी उचलली. मग कोपरा धरून नुसता हलवला, तर अर्धी भिंत हलली.

"बघा," तो म्हणाला.

"माल कमी घातला असंल तुमी."

"सत्तर वर्साचा झालो, मालाचा अंदाज मला शिकवता व्हय?" इसूफ पहिल्यांदाच चिडला. "पाणी न्हाई म्हणाला. मी म्हणालो बघा बाबा. आता माझं नाव खराब. शाकीर म्हणंल मामूनं कच्ची भिंत बांधली." तो हात धुवायला म्हणून हौदाकडं गेला, दगड बाजूला केला आणि झाकण सरकवलं. पाणी काठाला होतं. हिरवट झालेलं, वर डासांच्या अळ्या वळवळत होत्या.

इसूफ मागं वळला. "हे काय हाय?"

संगप्पा पायरीवर बसला. "तिनं भरलेलं हाय," तो म्हणाला.

इसूफनं झाकण परत लावलं नाही. थापी पिशवीत घातली, ओळंबा गुंडाळला. "सांगायचं व्हतं," तो म्हणाला. "मी कुटनं तरी टँकर आणला असता. माझी घरवाली लालबी गेली तवा तिचा पानाचा डबा मी वर्सभर उघडला न्हाई. पण त्यावर भिंत न्हवती उभी करायची." आणि मग जाता जाता, "मला कुर्डुवाडीला काम आलंय. रेल्वेच्या क्वार्टरची दुरुस्ती. ते झालं की येतो. तवर ही उतरवून ठेवा. सिमेंटची हाय खरी, पण सिमेंट धरलंच न्हाई हे तुमचं नशीब. वीट वाया जाणार न्हाई."

संगप्पानं भिंत एकट्यानं उतरवली. घण लागला नाही, हातानंच निघाली. स्वतःच्या मूर्खपणाचा राग होता, ऐकून न घेणाऱ्या गावाचा होता, आणि ती अशी मधेच निघून गेली ह्याचाही होता. हा शेवटचा राग कुणाला सांगता येण्यासारखा नव्हता. खुरप्याच्या पाठीनं तो एकेक वीट टोकरत बसायचा. एवढं होऊनही फुटलेल्या विटा बोटांवर मोजण्याएवढ्याच निघाल्या. बाकीच्या पुन्हा पहिल्यासारख्या, बांधायला तयार. ब्लॉकच्या राड्याचा ढीग अजून कुंपणाबाहेर तसाच पडलेला होता, त्याला कुणी उचलायला तयार नव्हतं.

शिवूचा फोन आला. "झाली का भिंत?"

"झाली व्हती. उतरवली."

"का?"

"भिजवल्या न्हवत्या."

शिवूला म्हणायचं असणार ते सगळं त्यानं गिळलं. "पुढच्या महिन्यात सुट्टी काढतो," तो म्हणाला. "पत्र्याचं पण तेव्हाच बघू. वर विटांचे तुकडे आणि चुना घालून छत करतात, मी माहिती काढतो. पण अप्पा, तोवर उन्हात त्या खोलीत बसू नका."

"बसायला खोली हाय कुटं," संगप्पा म्हणाला. "तिकडनं सगळं मोकळंच हाय."

फोन ठेवून तो हौदाकडं गेला. गाळणीनं वरच्या अळ्या काढल्या. पहिली वीट पाण्यात सोडली तेव्हा तिच्यातून बुडबुड्यांची माळ वर आली आणि बराच वेळ येत राहिली. त्यानं दुसरी सोडली, मग तिसरी. संध्याकाळपर्यंत हौदाचा तळ विटांनी भरला आणि तेवढं पाणी काठावरून अंगणात सांडलं. पण भिजवून उपयोग नव्हता, कारण लावणारा कुर्डुवाडीला होता. तो यायच्या आदल्या दिवशी पुन्हा भिजवाव्या लागणार, हे त्याला कळत होतं. तरी त्यानं भिजवल्या.

इसूफ अजून आलेला नाही. पश्चिमेच्या बाजूला बल्ल्यांना ताडपत्री बांधलेली आहे आणि दुपारी ती तापते. भिंत पायापासून बांधायची राहिली आहे.